गुडघ्यात काहीच निघालं नाही

साताऱ्यात फिजिओथेरपी करायची म्हणजे धावणाऱ्यांचे पाय बघायचे. यवतेश्वरचा घाट गावाला लागून आहे. शिक्षक, वकील, दुकानदार, पोलीस अशी सगळ्या थरांतली माणसं पहाटे त्या घाटात असतात आणि दिवसभरात कधीतरी त्यांतली दोन-चार माझ्या टेबलावर. दुखरी जागा बोटानं दाखवतात, मी तपासते, व्यायाम देते. जुलैतल्या त्या दुपारी आलेल्या ताईंनीही आधी बोटच दाखवलं, उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली.

नाव लिहीत नाही. एक-दोन तपशील बदललेत आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलंय. वय शेहेचाळीस, नवऱ्याबरोबर मेडिकलचं दुकान चालवतात. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स पूर्ण करून आल्या होत्या.

ज्यांना कॉम्रेड्स माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पीटरमारित्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमधली ही शर्यत, नव्वद किलोमीटरच्या आसपास. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1921 साली सुरू झाली. एक वर्ष चढाची, एक वर्ष उताराची, असा साधारण क्रम. बारा तासांत पोचायचं. बारा तास भरले की एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. त्यानंतर एका सेकंदानं आलात तरी निकालात नाव नाही आणि मेडलही नाही. ताई उताराच्या वर्षी धावल्या होत्या. बाराव्या तासात पोचल्या, त्यामुळे अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना मिळतं ते व्हिक क्लॅपहॅम मेडल त्यांना मिळालं. शेवटचे कितीतरी किलोमीटर त्या एका 'बस'मध्ये होत्या. ठरलेल्या वेळेत पोचवणाऱ्या पेसरच्या मागं जो घोळका धावतो त्याला तिथं बस म्हणतात. ती गात गात जाते. शब्द कळत नव्हते तरी मी गात होते, असं त्यांनी सांगितलं.

गुडघा नीट तपासला. सूज नाही, पाणी नाही. वाटी हलवून पाहिली, लिगामेंट ताणून पाहिले. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी. एका पायावर बसून उठायला सांगितलं, उठल्या. एका पायावर उड्या मारायला सांगितल्या, मारल्या. अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख काळं पडलं होतं आणि मुळाशी नव्या नखाची बारीक कोर आली होती. उताराच्या शर्यतीची एवढीच खूण त्या पायावर उरली होती.

"ताई, गुडघा छान आहे," मी म्हटलं. "एमआरआयची काही गरज नाही."

एरवी हे ऐकलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात. यांचा चेहरा पडला.

"नीट बघितलंत ना डॉक्टर? काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं."

पुढच्या पेशंटला मी थांबायला सांगितलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गजर बंद केलाय तरी पावणेचारला जाग येते आणि सहापर्यंत पंख्याकडे बघत पडून राहतात. दुकानात एकच प्रिस्क्रिप्शन दोनदा वाचावं लागतं. पोवई नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता, तो उतरून तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला. सत्काराच्या शाली कपाटात आहेत. ग्रुपवर पुढच्या वर्षीच्या रजिस्ट्रेशनची चर्चा चालू आहे, ती उघडावीशी वाटत नाही. आणि हे बोलायचं कुणाशी? लोक म्हणणार, एवढं मोठं काम करून आलीस, आता रडायला काय झालं?

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या धावपटूंना तपासूनही इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं. "रेस होती तोवर पहाटेचे तास माझे होते. कॉम्रेड्स आहे म्हटल्यावर घरात कुणी अडवत नव्हतं. सासूबाई स्वतः खजूर भिजत घालायच्या. परवा त्याच म्हणाल्या, झालं ना आता तुझं? आता मी पहाटे उठून कुठल्या तोंडानं बाहेर पडू? गुडघा दुखतो म्हटलं की निदान कुणी काही विचारत नाही."

मोठ्या शर्यतीनंतर येणाऱ्या उदासीबद्दल आमच्या क्षेत्रात बोलणं होतं, पण ते बहुतेक शरीरापाशी थांबतं. शरीराचा भाग खोटा नाही. इतक्या लांबच्या उतारानं मांडीच्या स्नायूंचे तंतू फाटतात, ते भरून यायला आठवडे लागतात आणि तोवर थकवा राहतो. नेमानं व्यायाम करणाऱ्या माणसाचा व्यायाम एकदम थांबवला तर आठवड्या-दोन आठवड्यांत चिडचिड सुरू होते, झोप बिघडते, मन उतरतं, हे अभ्यासांतही दिसलंय. पण या बाईंचं धावणं एकटं थांबलेलं नव्हतं. धावण्याच्या निमित्तानं मिळालेली मोकळीक, मैत्रिणी, घरात जपलं जाणं, सगळं एकाच दिवशी संपलं होतं. ऑलिम्पिकमध्ये 28 पदकं जिंकलेल्या जलतरणपटू मायकल फेल्प्सनं, प्रत्येक ऑलिम्पिकनंतर आपण नैराश्यात गेलो, असं जाहीरपणे सांगितलंय. ताईंना हे सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलल्या. "त्यालासुद्धा?"

त्यांनी फोनमधला ट्रेनिंग प्लॅन दाखवला. महिन्यांमागून महिने, एकेका दिवसाला किलोमीटर, शनिवार-रविवारचे लागोपाठचे लाँग रन लाल रंगात. शेवटच्या ओळीत रेसची तारीख, खाली रिकामे चौकोन. मला त्या रिकाम्या चौकोनांचा राग आला आणि अजून येतो. जो कोच माणसाला नव्वद किलोमीटरपर्यंत नेतो, त्यानं त्याला परत घरापर्यंतही आणावं.

आषाढीच्या आधी लोणंदच्या मुक्कामात आम्ही काही फिजिओ वारकऱ्यांचे पाय बघायला जातो. तिथं एकदा एका विणेकऱ्यांच्या पोटऱ्या मोकळ्या करताना ते परतवारीबद्दल बोलत होते. पंढरपुरात पौर्णिमेला गोपाळकाला झाला की माउलींची पालखी आळंदीला परत निघते, आणि तीही चालतच. जाताना लाखो माणसं असतात, येताना मोजकी. रोजची मजल मोठी, वाटेत पंगतींची रेलचेल नाही, टीव्हीचे कॅमेरे नाहीत. तरी अभंग म्हणायचे, मुक्काम करायचे आणि जाताना जी गावं लागली त्यांतूनच परत यायचं. ते सांगताना त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. वारी म्हटली की परत येणंही त्यातच आलं. ताईंसमोर बसल्यावर मला ते आठवलं. डर्बनहून विमानात बसलेल्या या बाई दोन दिवसांत दुकानाच्या काउंटरवर उभ्या होत्या. त्यांना परतीची वाट मिळालीच नव्हती.

मी त्यांना हेच सांगितलं. परतवारी त्यांना माहीत होती, माहेर फलटणकडचं. थोडा वेळ रडल्या, मी रडू दिलं.

पण समजुतीच्या बोलण्यावर भागवायचं नसतं. नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारी. ती भरून घेतली. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारांबद्दल असतो. तो मी तोंडीही विचारला, सरळ शब्दांत. तसं काही नव्हतं. बेरीज मात्र दहाच्या वर गेली. दहा किंवा जास्त आले की तज्ज्ञाकडे पाठवायचं, हा माझा नियम आहे, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड आणि बी-12 बघून घ्या, असंही त्यात लिहिलं. या वयात पाळीच्या बदलांमुळेही झोप आणि मन बिघडतं, आणि सगळं खापर रेसवर फोडून मोकळं होणं बरोबर नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिठ्ठीवरच लिहून दिला. तो सरकारी आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री-अपरात्री पंख्याकडे बघत पडलेल्या माणसाला तो हाताशी असावा.

पुढच्या वर्षीचं रजिस्ट्रेशन करू का, असं त्यांनी जाता जाता विचारलं. एवढ्यात नको, असं मी स्पष्ट सांगितलं. उदासी घालवायला नवी रेस धरणारे मी बरेच बघितलेत. रेस धरली की चार दिवस बरं वाटतं, मग थकलेल्या शरीरावर पुन्हा तेच किलोमीटर चढतात आणि त्यातले काही खरंच जायबंदी होऊन येतात. ताईंना मी घड्याळाशिवाय चालायला सांगितलं. वाटलं तर थोडं धावायचं, पण ॲपवर चढवायचं नाही.

शिवाय, पुढच्या खेपेला सासूबाईंना घेऊन या, असंही सांगितलं. त्या आल्या. त्यांची मान आखडलेली होती, ती आधी बघितली. सुनेचं पहाटेचं फिरणं औषधासारखं आहे, रेस असो नसो ते चालू राहायला हवं, असं मी डॉक्टर म्हणून त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आधी का नाही बोलली ही? मला वाटलं दमली असेल, म्हणून म्हटलं झालं ना आता." ताई बाजूच्या स्टुलावर बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधं ताईंनी काही महिने घेतली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी होत गेली. आठवड्यातले तीन दिवस पहाटे बाहेर पडतात, हे घरात ठरून गेलंय.

तेव्हापासून मी कामात एक बदल केला. लांबच्या शर्यतीला जाणारं कुणी तयारीसाठी आलं, की रेसनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली अपॉइंटमेंट जायच्या आधीच डायरीत लिहून घेते. त्या भेटीत पाय शेवटी बघते. आधी झोप, भूक, दिवस कसा जातो, घरात काय चाललंय हे विचारते. यंदाच्या तुकडीतल्या एकानं मिसेसला बरोबर आणू का, असं विचारलं. जरूर आणा म्हटलं, आणि त्यांच्या नावापुढं अर्ध्या तासाऐवजी एक तास लिहिला.