तुम्ही विचारलंत म्हणून: 'बनवाबनवी' अजून काहून बघतो

"काहून बघता हो तोच तोच पिक्चर, पुढचा डायलॉग तर तुम्हीच आधी म्हणून टाकता," असं आमच्या गल्लीतली पोरं मला कायम विचारतात. पिक्चर म्हणजे 'अशी ही बनवाबनवी', दुसरा कुठला असणार. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी काय कुणाला धरून बसवून सांगत नाही (बायको म्हणेल, सांगतो).

डायलॉगमुळं चालतो म्हणावं तर ते अर्धंच खरंय. उधारी बुडाली की 'सत्तर रुपये वारले' हे आता पिक्चर न बघितलेली पोरंबी म्हणतात. पण मला विचाराल तर हा पिक्चर मुळात रूमचा आहे. 1988 चा पिक्चर, गाव पुणं, चार पोरं, जागा मिळेना, अन् लीलाबाई काळभोर म्हणते मी जोडप्यांनाच देणार. झालं, दोघं साडी नेसतात, सचिनची सुधा होते अन् लक्ष्याची पार्वती. आता परभणी, बीड, हिंगोलीकडनं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला शिकायला, एमपीएस्सीला गेलेल्या कुठल्याबी पोराला विचारा, 'बॅचलर का?' एवढं ऐकून कितीदा दारातनं परत फिरलाय ते. आडनाव ऐकून खोली भरलीय म्हणणारे वेगळेच, ते तर पिक्चरमधे आलेच नाहीत. आम्ही पुण्यात होतो तेव्हा भाडं दोघांचं अन् झोपायला पाचजण, मालकाची चप्पल वाजली की तिघं गच्चीवर. त्यामुळं धनंजय माने (म्हणजे अशोक सराफ) घरमालक सरपोतदारांच्या घरात पोरं लपवतो तो सीन लागला की आम्हाला आधी घाम फुटायचा, हसू नंतर.

अन् अशोक सराफ खोटं कसं बोलतो ते बघा ना. एक थाप मारली की लगेच कोणीतरी दारात येतं, मग ती झाकायला दुसरी, अन् चेहरा असा की हा माणूस आत्ता रेशनच्या लाईनीत उभा होता. बाकीचे तिघं काही न विचारता त्या थापेत सामील होतात. दोस्ती दोस्ती म्हणून कुणी भाषण देत नाही, एकमेकांच्या थापा सांभाळतात, बस्स.

काही जण लगेच म्हणतात की हे ढापलेलं आहे, 1966 चा हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' बघा. असेल ना, त्यावरनंच आहे. पण लिहिलंय वसंत सबनीसांनी, 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या माणसानं, तमाशाची नस ज्याला माहीत होती त्यानं. आपल्याकडं माळेगावच्या जत्रेत तमाशा बघितलेल्या माणसाला गडी साडी नेसून मावशी होतो यात नवल कसलं वाटणार? लक्ष्या तर काही केल्या बाईसारखा दिसतच नाही, अन् तरी पार्वतीचं डोहाळजेवण असं थाटात होतं की 'कुणीतरी येणार येणार गं' हे गाणं आता खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणात लावतात. आमच्या चुलतबहिणीच्या वेळी लावलं होतं, बायका फेर धरून नाचल्या, मूळ गाणं मिशी काढलेल्या गड्यासाठी होतं हे कुणाच्या ध्यानातबी आलं नाही.

सगळंच ग्वाड वाटतं असं नाही. नवऱ्यानं टाकलेली वगैरे जे विनोद आहेत त्याला आता माझी पोरगी हसत नाही, मलाबी तिच्यासमोर हसता येत नाही. प्रेमाची गाणी मी पुढं ढकलतो. अन् लक्ष्या अन् त्या चौघांतलाच सिद्धार्थ रे दोघंबी 2004 सालीच गेले, तरणेताठे, ते आठवलं की मधेच जरा गप्प व्हायला होतं, मग अशोक सराफ काहीतरी बोलतो अन् परत हसू येतं.

सगळ्यात भारी म्हणजे आमची आई. वरच्या दोन खोल्या ती भाड्यानं देते, त्यामुळं सगळं घर पोरांच्या बाजूनं अन् ही एकटी लीलाबाईच्या बाजूनं. ती बाई काय चुकीचं बोलत होती म्हणते, घर तिचं, ती ठरवणार. फक्त तिला डोकं नव्हतं, दोन्ही नवराबायकोचं आधार कार्ड मागितलं असतं तर पिक्चर धा मिनटात खलास. आई, 1988 ला आधार कार्ड कुठं होतं, असं म्हटलं तर म्हणते, मग रेशन कार्ड मागायचं.