बॅटरी दिवसभर टिकणं वेगळं, वर्षानुवर्षं टिकणं वेगळं

"फोनची बॅटरी टिकत नाही" या एकाच वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एक म्हणजे सकाळी शंभर टक्के असलेला फोन दुपारी तीनलाच लाल होतो. दुसरी म्हणजे दोन वर्षांपूर्वी हाच फोन रात्रीपर्यंत चालायचा, आता चालत नाही. पहिली तक्रार खर्चाची, दुसरी झिजेची. पहिलीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, आणि बॅटरीबद्दलचे निम्मे गैरसमज या सरमिसळीतून येतात. उरलेले निम्मे निकेलच्या काळातून आलेत.

त्या जुन्या, जाडजूड फोनांत निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असायची. ती अर्धवट उतरवून वारंवार चार्ज केली की तिचं व्होल्टेज लवकर पडायचं. म्हणून "पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण चार्ज करा" आणि "नवा फोन आधी आठ तास चार्जिंगला ठेवा" हे सल्ले तेव्हा बरोबर होते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत फोनमधून निकेल जवळपास हद्दपार झालं. सल्ले मात्र काउंटरवर तसेच राहिले. आजचा नवा फोन खोक्यातून निघतो तेव्हा साधारण अर्धा चार्ज असतो. तो लगेच वापरायला घ्या, आठ तासांच्या मुहूर्ताची गरज नाही.

लिथियमचा स्वभाव नेमका उलटा आहे. तिला दोन्ही टोकं आवडत नाहीत. फोनचा सेल (बॅटरीतला वीज साठवणारा घटक) पूर्ण भरल्यावर ४.४ व्होल्टच्या आसपास असतो, आणि फोन शून्य टक्के दाखवून बंद होतो तेव्हा साधारण ३.३ ते ३.४ व्होल्टवर. वरच्या टोकाला धन बाजूच्या पदार्थावर ताण येतो आणि आतला द्रव हळूहळू विघटित होतो. ग्राफाइटच्या, म्हणजे ऋण बाजूवर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. क्षमता कमी होते ती यामुळे. हे सगळं उष्णतेत भराभर होतं.

वर्षभर नुसत्या पडून राहिलेल्या लिथियम-आयन सेलचे आकडे पाहा. २५ अंशाला ४० टक्के चार्जवर ठेवला तर वर्षानंतर साधारण ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून ठेवला तर ८० टक्के. तापमान ४० अंश केलं की हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. तुमच्या फोनला हे तंतोतंत लागू होणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. न वापरतासुद्धा बॅटरी झिजते, आणि 'भरलेली अधिक तापलेली' ही जोडी सगळ्यात वाईट.

आता रात्रभराच्या चार्जिंगचा वाद. "रात्रभर लावलास तर बॅटरी फुगेल" म्हणणारे आणि "काही होत नाही, फोन हुशार असतो" म्हणणारे, दोघेही अर्धे बरोबर. भिंतीवरचा ॲडॉप्टर हा खरा चार्जर नव्हेच, तो फक्त वीज पुरवतो. खरा चार्जर फोनच्या आतली चिप. ती आधी ठरावीक करंट देत व्होल्टेज वर नेते, कमाल व्होल्टेज आलं की ते तिथेच धरून करंट कमी कमी करत आणते, आणि शेवटी बंद करते. (शेवटच्या वीस टक्क्यांना इतका वेळ का लागतो, ते यामुळेच.) त्यामुळे धडधाकट फोनमध्ये 'ओव्हरचार्ज' होत नाही. पण रात्री बाराला शंभर झालेला फोन सकाळी सातपर्यंत त्याच वरच्या टोकाला बसून राहतो, आणि तो उशीखाली असेल तर तापलेलाही असतो. नुकसान एका रात्रीत दिसत नाही, सातशे रात्रींनंतर दिसतं.

यावर सोपा इलाज फोनमध्येच दिलेला आहे. आयफोन १५ आणि त्यापुढच्या मॉडेलमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. आयओएस १८ पासून ही मर्यादा ८० ते १०० मध्ये पाच-पाचच्या टप्प्यांनी ठरवता येते. सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन', पिक्सेलमध्येही ८० टक्क्यांची मर्यादा, आणि बऱ्याच कंपन्यांच्या फोनांत उठण्याच्या वेळेचा अंदाज घेऊन शेवटचे वीस टक्के पहाटे भरणारी सोय असते. ज्यांचा दिवस ८० टक्क्यांत निघतो त्यांनी मर्यादा लावावी. ज्यांचा निघत नाही त्यांनी लावू नये आणि अपराधीही वाटून घेऊ नये. बॅटरी माणसासाठी आहे.

"वीस ते ऐंशीमध्येच ठेवा" हा नियम त्यामुळे चुकीचा नाही, फक्त त्याचं सोवळं करू नका. खालच्या टोकाचंही तसंच. एखादे दिवशी फोन शून्यावर गेला म्हणून काही बिघडत नाही. शून्यावर बंद झालेला फोन चार-सहा महिने कपाटात राहिला तर मात्र सेलचं व्होल्टेज खाली घसरत जातं, संरक्षक सर्किट बॅटरी तोडून टाकतं, आणि फार खोल गेलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं.

महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्यानं बॅटरी 'ताजी' होते, हा समज अजून जिवंत आहे. त्यानं दुरुस्त होतो तो टक्के दाखवणारा हिशेब. चिप किती करंट आत गेला आणि बाहेर आला ते मोजत असते, त्यात कालांतरानं चूक साठते. फोन अचानक पंधरावरून दोनवर उडी मारत असेल तर एकदा पूर्ण उतरवून सलग भरा. आकडा सुधारेल, सेल सुधारणार नाही.

'सायकल' या शब्दाचाही घोळ आहे. फोन चार्जिंगला लावला की एक सायकल संपली, असं नसतं. एकूण शंभर टक्के वापरले की एक. आज ५० वापरून भरले, उद्या ५० वापरून भरले, मिळून एक सायकल झाली. त्यामुळे दिवसातून तीनदा थोडं थोडं चार्ज करायला हरकत नाही, उलट ते बरंच. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांसाठी ॲपलचा दावा ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमतेचा होता, १५ पासून तो १००० सायकलचा आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे नव्यानं विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनसाठी ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के हे बंधनच घातलंय.

फास्ट चार्जिंगला आपल्याकडे उगाच खलनायक केलंय. खोक्यावर लिहिलेले ६७ किंवा ८० वॉट पहिली काही मिनिटंच मिळतात, पुढे फोन स्वतःच वेग कमी करतो. जास्त वॉटच्या अनेक फोनांत दोन सेल असतात, म्हणजे करंट वाटला जातो. खरा शत्रू उष्णताच. फास्ट चार्जिंगवर लावून त्याच वेळी गेम खेळणं, व्हिडिओ कॉल करणं, जाड कव्हरसकट गादीवर ठेवणं, हे टाळा. हातात धरवणार नाही इतका फोन तापला की काढून ठेवा, कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत ओल धरते. रात्री घाई नसते, तेव्हा १० वॉटचा जुना ॲडॉप्टर लावा. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास, ती त्यावर तीनेक तासांत आरामात भरते. वायरलेस चार्जिंग सोयीचं आहे, पण त्यात बरीच वीज उष्णतेत जाते, आणि फोन पॅडवर नीट मध्यभागी नसेल तर आणखीच.

विदर्भात मे महिन्यात हा विषय पुस्तकी राहत नाही. चंद्रपूर-नागपूरला सावलीतच पारा ४५ च्या घरात असतो. त्या उन्हात दुचाकीच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये फोन, स्क्रीन पूर्ण उजळलेली, जीपीएस चालू, डेटा चालू आणि वर गाडीच्या सॉकेटमधून चार्जिंग. घरपोच जेवण आणि पार्सल पोचवणाऱ्या पोरांच्या बॅटऱ्या वर्षभरात बसतात त्या यामुळे. सेल साधारण ४५ अंशांपुढे गेला की चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. तो फोनमधला बिघाड नव्हे, बचाव आहे. चालत्या गाडीवर चार्ज करण्यापेक्षा थांब्यावर, सावलीत पंधरा-वीस मिनिटं चार्ज करावं. रस्ता ओळखीचा असेल तर स्क्रीन बंद करून आवाजी सूचनांवर जावं. चारचाकीत होल्डर काचेवर लावण्यापेक्षा एसीच्या झरोक्यावर लावावा. उलट टोकाला, टोरांटो किंवा शिकागोच्या हिवाळ्यात रात्रभर गाडीत राहिलेला फोन आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. शून्य अंशाखाली चार्ज करताना लिथियम ग्राफाइटच्या आत शिरत नाही, त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं, आणि ते नुकसान कायमचं असतं. आधी घरातल्या तापमानाला येऊ द्या.

आता पहिली तक्रार, रोजच्या खर्चाची. इथे स्क्रीन आणि रेंज हे दोन मोठे खर्च, बाकी चिल्लर.

डार्क मोडचं सांगायचं तर तो फक्त ओएलईडी पडद्यावर उपयोगी, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. एलसीडी फोनमध्ये मागचा दिवा जळतच असतो. ओएलईडीवरही अपेक्षा माफक ठेवा. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधल्या मोजणीत, आपण घरात ठेवतो तशा ३० ते ५० टक्के उजेडावर बचत सरासरी फक्त ३ ते ९ टक्के निघाली. पूर्ण उजेडावर ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे उन्हात फायदा, घरात नावापुरता. १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) पडदा ६० वर आणणं आणि पडदा बंद होण्याची वेळ ३० सेकंद करणं जास्त हमखास.

रेंजकडे मात्र कुणी पाहत नाही. टॉवर लांब असेल तर फोन जोरात 'ओरडतो', टॉवर सापडत नसेल तर शोधत राहतो. कोकण रेल्वेने जाताना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात आणि त्याच्या आगेमागे फोन नुसता खिशात ठेवूनही उतरतो, तो यामुळे. अशा पट्ट्यात फ्लाइट मोड लावा. गावी दुसऱ्या सिमच्या कंपनीला रेंजच नसेल तर ते सिम सेटिंगमधून बंद करा, काढायची गरज नाही. ५जी येत-जात असेल तर पसंतीचं नेटवर्क ४जी करा. ब्लूटूथ बंद ठेवून मात्र काही पदरात पडत नाही.

अलीकडच्या ॲप्सची यादी उघडून सगळी ॲप्स झटकून टाकणं हा तर जवळपास राष्ट्रीय छंद आहे. यादीत दिसणारं बहुतेक ॲप झोपलेलं असतं. ते झटकलं की पुढच्या वेळी शून्यापासून उघडावं लागतं आणि त्याला जास्त वीज लागते. सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर पाहा, चोवीस तासांत पडद्यामागे कोण खातंय ते तिथे दिसतं, आणि फक्त त्या ॲपवर निर्बंध घाला. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' अशी ठेवा. 'बॅटरी डॉक्टर' छापाची ॲप्स काढून टाका, ती स्वतःच खातात.

झीज मोजायची असेल तर आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइड फोनांत आकडा थेट दिसतो. नसेल तर चार्जिंग मोजणाऱ्या ॲपवर २० ते ८० टक्के भरताना किती एमएएच गेले ते पाहा. २४०० गेले, तर ६० टक्के म्हणजे २४००, पूर्ण म्हणजे ४०००. मूळ क्षमता ५००० असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर आली. तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्या.

क्षमतेइतकाच अंतर्गत रोधही, म्हणजे सेलच्या आत करंटला होणारा अडथळाही, महत्त्वाचा. तो वयाबरोबर वाढतो. जुन्या सेलमधून एकदम जास्त करंट ओढला, म्हणजे कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला, की व्होल्टेज कोसळतं आणि २५ टक्के असतानाच फोन बंद पडतो. ॲपलने जुन्या आयफोनचा वेग कमी केल्याचं २०१७ च्या डिसेंबरात मान्य केलं, ते नेमकं हे टाळण्यासाठी. राग होता तो न सांगता केल्याचा, आणि तो रास्त होता.

अशी लक्षणं दिसली की बॅटरी बदला. मूळच्या पाच हजारांच्या जागी तेवढ्याच आकारात साडेसहा हजार एमएएच लिहिलेली बॅटरी कुणी दाखवली तर ती नको, जागा तेवढीच असताना इतकी वाढ नुसत्या लेबलवर होते. उत्पादनाची तारीख पाहा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही झिजलेली असते. भारतीय मानक ब्युरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॅटरीवर आणि ॲडॉप्टरवर असायला हवा. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. फोन उघडला की पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहील असं धरू नका.

फोनची पाठ किंवा पडदा उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलीय. आत वायू साचलेला असतो. दाबून बसवू नका, टाचणीनं हवा काढू नका (हा 'जुगाड' करणारे असतात), चार्जिंगला तर अजिबात लावू नका. फोन बंद करून फरशीवर किंवा धातूच्या ताटात, कागद-कापडापासून लांब ठेवा आणि सेवा केंद्रात न्या. कचऱ्याच्या गाडीत टाकलेली बॅटरी दाबली गेली की पेटते.

जुना पण धड फोन कपाटात ठेवायचा असेल तर ५० टक्के चार्ज करून, पूर्ण बंद करून, कपाटाच्या थंड कोपऱ्यात ठेवा, आणि सहा महिन्यांनी काढून पुन्हा ५० वर आणा.