शिवाजी फॉन्टमधली मेल

काल जुन्या मेलबॉक्समधे पॉलिसी नंबर शोधायला गेले आणि काय शोधतेय तेच विसरले, कारण मधेच मैत्रिणीची २००४ ची मेल दिसली, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मग कळलं, अरे ही तर शिवाजी फॉन्टमधे टाईप केलेली! तेव्हा युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) सर्रास नव्हतं ना, हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरं बसवायचे, फॉन्ट नसला की काहीच वाचता यायचं नाही. नेटवर कन्व्हर्टर सापडला, मजकूर पेस्ट केला, पहिलीच ओळ, "अगं, आईने कडबोळी पाठवलीयेत, एकटीच संपवू नकोस."

मी हे पार विसरले होते. रात्री साडेदहाला तिला फोन लावला. काकू आता नाहीयेत, आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या रडलो.