वॉरंटी वाढवायची की विमा काढायचा?

आजचा दिवस कॅमेऱ्याची वाढीव वॉरंटी आणि विमा यांच्या अटींचे बारीक अक्षर वाचण्यात गेला. डोळे दुखले, पण गुंता सुटला.

साधी वाढीव वॉरंटी म्हणजे कंपनीचीच हमी पुढे ओढलेली. आतला दोष निघाला तर दुरुस्ती. कॅमेरा पडला, भिजला, चोरीला गेला तर हात वर! शटर झिजलं तर तीही 'नेहमीची झीज'. लेन्समधली फंगस (बुरशी) ना वॉरंटीत, ना बहुतेक विम्यांत. तिथे कोरडा डबा आणि ४०-५० टक्के आर्द्रता हाच उपाय. झूम लेन्समधली ॲपर्चरची (प्रकाश आत घेणाऱ्या, लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राची) चपटी फ्लेक्स केबल मात्र झूम मागेपुढे करताना वाकून वाकून तुटते. मग ॲपर्चर पूर्ण उघडं असताना फोटो येतो, f/8 सारखं लहान केलं की एरर. हीसुद्धा झीज धरतात का, ते आधी लेखी विचारा.

कॅमेरा घराबाहेर फिरत असेल तर माझं मत विम्याला. पण घराच्या विम्यात व्यावसायिक वापर सहसा बसत नाही. लग्नाचं एक पैसे घेऊन केलेलं शूटही अडचणीचं ठरू शकतं. भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने की घसारा कापून? सुरुवातीची किती रक्कम आपल्या खिशातून? बंद गाडीतून चोरी झाली तर? बॉडी आणि प्रत्येक लेन्सचा सिरियल नंबर पॉलिसीत हवाच. त्या नंबरांचे फोटो आणि बिलं कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, बॅगच गेली तर काय दाखवणार?

कॅमेऱ्यासोबत आलेली जुनी किट लेन्स? तिच्यासाठी काहीच घेऊ नका.