पुण्यातही मिळतो की शवरमा

वन्संचं ते वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. फोनवर सहज म्हणाले की काल रात्री शवरमा खायला दुबईतल्या आमच्या अल मल्लाहला, त्या लेबनीज हॉटेलात जाऊन आलो, भारतात परतायचंय म्हणजे आता तिथलं जाणं थोडंच उरलंय, तर म्हणाल्या, "अगं त्यात काय एवढं, पुण्यातही मिळतो की शवरमा, चौकाचौकात गाड्या लागतात आता." वाईट मनाने नाही म्हणाल्या, माहितीये मला. पण फोन ठेवला आणि एकदम भरूनच आलं.

मिळतो, खाल्लाय मी. कोबी आणि बदाबदा मेयोनीज. अल मल्लाहचा माणूस आधी खबूस, म्हणजे ती पातळ अरबी रोटी, त्या फिरणाऱ्या चिकनवर दाबतो, सुटलेली चरबी टिपून घेतो, मग लांब सुरीने पातळ काप, वर तूम म्हणजे लसणीचं पांढरं सॉस, काकडीचं लोणचं, घट्ट गुंडाळी, कागद, झालं. पण हे वन्संना सांगून काय उपयोग, मी शवरम्यासाठी रडतच नाहीये ना.

रडतेय त्या रस्त्यासाठी. नाव बदलून सेकंड डिसेंबर स्ट्रीट झालं तरी आमच्या तोंडी जुनं दियाफाच. तिथल्याच सतवा भागातल्या शिंप्याकडून ब्लाऊज घ्यायचे, पडद्यांचं कापड बघायचं, पाय दुखायला लागले की फुटपाथवरच्या टेबलावर जाऊन बसायचं, नोव्हेंबरात उकाडा उतरला की तिथून उठवत नाही. मंदारची पहिली नोकरी लागली ते तिथेच साजरं केलं. ती गेली तेव्हाचं नको लिहायला.

माहेर सोडताना रडलं तर कोणी विचारत नाही का रडतेस. हे शहर सोडताना मात्र आधी पटवून द्यावं लागतं की ते आपलंही होतं. आणि कसं पटवणार, विसा नोकरीला बांधलेला, ओवी इथेच जन्मली तरी पासपोर्ट भारताचाच. सगळे म्हणतात परत येताय, किती छान. छान आहेच. आईंची तब्येत बघता जायलाच हवंय. पण मला वाईट वाटतंय त्याचं काय, ते कुणाच्या खिजगणतीतच नाही, असंच दिवसभर वाटत राहिलं.

संध्याकाळी कणीक मळताना मात्र एक मनात आलं. अल मल्लाह 1979 चं. तेव्हा लेबनॉनमध्ये यादवी सुरू होऊन चार वर्षं झालेली, ती थांबली थेट 1990 ला. त्या काळात कितीतरी लेबनीज माणसं घरदार सोडून आखातात आली, आणि त्यांचं खाणं इथल्या रस्त्यांवर असं रुजलं की आज माझ्यासारखी पुण्याची बाई त्याच्यासाठी डोळे पुसतेय. म्हणजे चव गाव सोडून दुसरीकडे नांदू शकते. मग मी तरी एवढी का घाबरतेय?

तर तूम शिकायचं ठरवलंय. लसूण, मीठ, लिंबू आणि तेल, तेही अगदी बारीक धारेने, घाई केली की फुटतं, मिक्सर तापला तरी फुटतं, म्हणून तेल आधी गार करून घ्यायचं. ऑलिव्ह ऑइल नको, कडवट होतं, साधं सूर्यफुलाचं चालेल. जायच्या आधी इथेच हात बसवते. तिकडे गेल्यावर पहिलं वन्संनाच करून वाढणार, लसूण त्यांना तसाही आवडतो, आणि मग सांगेन त्यांना दियाफाचं सगळं, नीट बसून.