झिजलेले ब्रेक, पाच मिनिटं

मंगळवार, रात्री

बोइंग 747-8 ची 2011 मधली ब्रेकची चाचणी आज परत बघितली. कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ, विमानाचं वजन सुमारे 442 टन, वेग ताशी 320 किलोमीटरच्या आसपास. आता चाक जमिनीवरून सुटणार असं वाटतं, तेवढ्यात वैमानिक ब्रेक दाबतात; ऐनवेळी उड्डाण रद्द करावं लागलं तर विमान थांबतं का, ते बघायला. थ्रस्ट रिव्हर्सरची, म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणाऱ्या यंत्रणेची, मदत घ्यायची नाही, सगळा भार सोळा चाकांच्या ब्रेकवर. कार्बनच्या चकत्या निखाऱ्यासारख्या फुलतात, तापमान 1400 अंश सेल्सिअसच्या घरात जातं. मग चाकांतले फ्यूज प्लग वितळतात आणि टायरमधली हवा निघून जाते. तापलेला टायर फुटला तर जवळच्या माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून ही सोय.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ब्रेक मुद्दाम झिजलेले घेतात. 21 मे 1988 ला डॅलस-फोर्ट वर्थला अमेरिकन एअरलाइन्सच्या एका डीसी-10 ने भर वेगात उड्डाण रद्द केलं. दहापैकी आठ ब्रेक निकामी झाले आणि विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. ते ब्रेक झिजलेले होते, पण नियमाच्या मर्यादेत! विमानाला मान्यता देताना चाचणी घेतली होती ती नव्या ब्रेकवर. रोजच्या उड्डाणात कोरे ब्रेक किती विमानांना असतात? तरी झिजलेल्या ब्रेकवरच चाचणी घ्यायची, हे अमेरिकेच्या नियमांत यायला 1998 साल उजाडलं. ब्रेक जितका झिजू द्यायची परवानगी असते, त्यातली जास्तीत जास्त 10 टक्के झीज चाचणीच्या वेळी शिल्लक असलेली चालते. बोइंगने 747-8 च्या चाचणीत तीही ठेवली नव्हती. याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आणि विमान थांबल्यानंतरची ती पाच मिनिटं. अग्निशमन दल समोर उभं असतं, चाकांतून धूर येतो, पण पाण्याचा थेंब मारायचा नाही. खऱ्या विमानतळावर बंब पोहोचायला वेळ लागेल, तेवढा वेळ आग चाकांपुरतीच राहिली पाहिजे. वर पंखांत इंधन आहे. एरवी केबिनमध्ये शेकडो माणसं असतील, त्यांना उतरायला हाच वेळ मिळणार. ती मिनिटं मी प्रत्येक वेळी श्वास रोखून बघते.

उद्या एअरबसची ए350 ची चाचणी बघायची आहे, फ्रान्समधल्या इस्त्रची.