तुम्ही विचारलंत म्हणून : पैसे मागतात, म्हणजे जर्नल बोगस का?

नेरूळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पीएच.डी.ची मुलं, कधीकधी प्राध्यापकसुद्धा, संशोधनाचे पेपर छापणाऱ्या एखाद्या जर्नलचा पैसे मागणारा मेसेज मोबाइलवर दाखवून हेच विचारतात.

पैशांवरून ठरत नाही. 'प्लॉस वन'सारखं नावाजलेलं ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं, जर्नलही लेखकाकडून पैसे घेतं, आणि चांगले घसघशीत घेतं. बोगसवाले उलट स्वस्त असतात. दीड-दोन हजार जीपे करा, सर्टिफिकेट फुकट!

मी तारखा बघते. कोपरखैरण्याच्या एका मुलीला आलेला मेसेज असा होता: आज पेपर पाठवा, ४८ तासांत स्वीकृती, याच महिन्याच्या अंकात छापू. अहो, तज्ज्ञांनी पेपर वाचायचा, शंका काढायच्या, लेखकाने त्या निस्तरायच्या, यात महिने जातात. ४८ तासांत पैसे जमा झाले की नाही, तेवढंच बघून होतं. मेसेजच्या तळाशी 'इम्पॅक्ट फॅक्टर ७.८' असंही होतं. जर्नलमधल्या पेपरांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात, त्याचा हा आकडा; तो क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. त्यांच्या यादीत या जर्नलचं नावच नाही.

न वाचता छापतात, हा माझा नुसता संशय नाही. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञान साप्ताहिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका पेरलेला बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला.

आपल्याकडे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्राध्यापकांच्या बढतीला पेपरांचे गुण जोडले आणि या धंद्याला बरकत आली. मग यूजीसीचीच मान्य जर्नलांची यादी झाली, तीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नावं काढावी लागली. तिच्या जागी आलेली 'केअर' नावाची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख आपली आपणच करायची.

दोन हजार गेले तर गेले, पण पेपरही जातो, हे मुलांच्या लक्षात येत नाही. ठाणे खाडीच्या चिखलात उतरून एका मुलाने जमवलेली निरीक्षणं अशाच ठिकाणी छापून बसली. एकदा छापून झालेला पेपर चांगलं जर्नल घेत नाही. मागे घ्यायचं म्हटलं, तर त्याचीही वेगळी फी मागितली, छापायच्या फीपेक्षा जास्त.

म्हणून पैसे भरण्याआधी संपादक मंडळातल्या एखाद्याला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर 'तुम्ही खरंच या मंडळावर आहात का?' असा मेल टाकायला सांगते. एका प्राध्यापकांचं लगेच उत्तर आलं: या जर्नलचं नाव मी आजच ऐकतोय.